प्रयागबाई आणि वाडीची जीप

निरगुडसरच्या प्रयागबाई सकाळी तुळशीला पाणी घालून कामाला निघताना ओझरच्या विघ्नहराकडे दोन गोष्टी मागायच्या. आज कोणाच्या हाताला कात्री लागू देऊ नको, आणि माझ्या जिभेनं कोणाला लागू देऊ नको. पहिलं मागणं बहुतेक दिवशी पुरं व्हायचं. दुसऱ्याचं काय झालं ते माणसाला लगेच कळत नाही.

नारायणगावहून खोडदकडे जाणाऱ्या रस्त्याला गोरखशेठचं द्राक्षांचं पॅकहाउस आहे. पौषापासून चैत्रापर्यंत तिथं नुसती धांदल. लांबलचक टेबलांच्या दोन्ही बाजूंना बायका डोक्याला जाळीची टोपी, तोंडाला मास्क, अंगात पांढरा ॲप्रन घालून बसायच्या. घड हातात धरायचा, फुटका, बारका मणी कात्रीनं काढायचा आणि घड डबीत भरायचा. बोलायचं हळू, हात चालवायचा जोरात. प्रयागबाईंनीही नवरा गेल्यावर कित्येक हंगाम त्या टेबलावर काढले. हौशीराम गेले तेव्हा मुलगी शाळेत होती. ती कात्रीवर शिकली आणि कात्रीवरच तिचं लग्न झालं, असं त्या म्हणायच्या.

पुढं माल घेणाऱ्या परदेशी लोकांनी अट घातली. चूक झाली की ती निस्तरून भागणार नाही, ती का झाली हे शोधायला कामगारांना शिकवा. पुण्याहून एक सर आले, पडद्यावर चित्रं दाखवून गेले. बायकांना सर आवडले, शिकवलेलं डोक्यावरून गेलं. तेव्हा गोरखशेठ म्हणाले, "प्रयागबाई, तुम्ही कीर्तनाला बसता, सत्संग चालवता. चार बायकांत बोलायची सवय आहे. तुम्हीच शिका आणि तुम्हीच शिकवा." सरांनी त्यांना पुण्याला नेऊन नीट शिकवलं, आणि कात्रीवरच्या प्रयागबाई शिकवणाऱ्या प्रयागबाई झाल्या.

जेवणाची सुट्टी संपता संपता त्यांचा तास असायचा. साळुबाई नावाची एक तोंडाळ बाई डबा झाकता झाकता ओरडायची, "चला गं, कावळ्यांची शाळा भरली. आता का, का, का!" सगळ्या हसायच्या. प्रयागबाईही हसायच्या आणि हात वर धरायच्या.

"हसा. पण ऐका. भाकरी करपली तर आपण काय करतो? सुनेचं नाव घेतो. सून वेंधळी! झालं, मिटलं. उद्या पुन्हा करपते. का? कारण सून बदलली तरी चूल तीच, ओली लाकडंही तीच. चूक झाली की एक बोट मिटायचं आणि विचारायचं, का? उत्तर आलं की दुसरं बोट. मूठ होईपर्यंत सोडायचं नाही. आणि मधेच कोणाचं नाव आलं तर तिथं थांबायचं नाही. नाव म्हणजे उत्तर नव्हं. नावाच्या मागं काय आहे ते बघायचं."

हे त्यांनी करूनही दाखवलं होतं. घाटाकडच्या करंजवाडीच्या बायका रोज उशिरा यायच्या. मुकादम म्हणायचा, डोंगरातली माणसं, आळशी. प्रयागबाईंनी त्याच बायकांना बसवून विचारलं. उशीर का? पप्पूची जीप उशिरा येते. का? आदल्या दिवशी तो परतायलाच रात्र करतो. का? आम्हाला इथं सोडून तो दिवसा परत वाडीला जातो, तिथली माणसं वडापनं, माणशी भाडं घेऊन, जुन्नरच्या बाजाराला आणतो, नेतो. का? शेठच्या एका फेरीवर त्याचं भागत नाही. मग बायकांनीच तोड काढली. जीप दिवसभरासाठी ठरवा, म्हणजे तो इथंच थांबेल आणि वेळेवर घरी नेईल. सगळ्यांत आधी हात वर करून बोलली ती सोनीबाई. एरवी तोंडातून शब्द न काढणारी, करंजवाडीच्या भागूची बायको. "माजी पोर, संस्कृती, ल्हान हाय ताई," ती म्हणाली होती. "झोपायच्या आत तिला तोंड दिसंल माजं." प्रयागबाईंनी शेठकडून ते मंजूर करून आणलं. तेव्हापासून जीप दिवसभर फाटकाजवळच्या लिंबाखाली उभी आणि पप्पू आत पाय पसरून झोपलेला. एकही बाई पुन्हा उशिरा आली नाही. पुण्याच्या सरांनी ही गोष्ट दुसऱ्या पॅकहाउसांतही सांगितली म्हणे. प्रयागबाईंनी त्या दिवशी देवापुढं गूळखोबरं ठेवलं.

मग यंदाच्या माघात बांगडीचं झालं.

शेवटची तपासणी करणाऱ्या आरोहीला भरलेल्या डबीत काचेचा तुकडा सापडला. हिरवा, द्राक्षाच्याच रंगाचा, नखाएवढा. गोरखशेठ तुकडा तळहातावर घेऊन लालबुंद. "हा तिकडं कुणाच्या लेकराच्या तोंडात गेला असता म्हणजे? कोणाची बांगडी आहे? आत्ताच्या आत्ता घरी पाठवा."

"शेठ, आजचा तास मला द्या," प्रयागबाई म्हणाल्या. "एक बाई घरी जाईल, काच जायची नाही."

बांगड्या घालून आत यायला बंदी होतीच. फाटकावरचा सोपान रोज मनगटं बघूनच सोडायचा. तरी काच आत आली कशी? तासाला सगळ्या मान खाली घालून बसल्या. प्रयागबाईंनी बोट मिटलं. "मला नाव नको. एवढंच सांगा, बांगडी आत का आली?"

"काढलीच न्हाई म्हणून आली," साळुबाई पुटपुटली. "कोपराकडं सरकावायची, वर बाही वढायची. सोपान काय बाह्या वर करून बघतोय व्हय? त्याची बायकू त्याला घरात घ्यायची न्हाई."

कोणी हसलं नाही. प्रयागबाईंनी दुसरं बोट मिटलं. "का काढत नाही? कामापुरती तर काढायची."

"तुमाला काय व्हतंय ताई सांगायला. तुमचे हात मोकळेच हायेत."

बोलून गेली आणि साळुबाईनं जीभ चावली. प्रयागबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. हौशीराम गेले त्या दिवशी आजूबाजूच्या बायकांनी हात धरून बांगड्या फोडल्या होत्या. मनगटावर आलेलं रक्त पुसायचंही कोणाला सुचलं नव्हतं. हल्ली कोणी एवढं करत नाही, पुष्कळजणी नंतरही बांगड्या घालतात. त्यांनी काही घातल्या नाहीत.

"मोकळेच आहेत गं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मला ठाऊक आहे, तुम्ही कशाला भिता ते."

तेव्हा कोपऱ्यातली सोनीबाई उठली. बाही वर केली. कोपराखाली चार हिरव्या बांगड्या घट्ट रुतल्या होत्या आणि पाचवीच्या जागी ओरखडा होता.

"माजी फुटली. माजा मालक काविळीतून आत्ता कुठं उठलाय. आत्याबाई म्हनल्या, काय बी कर, हात मोकळा ठिवू नगं. काढा मला कामावरनं."

प्रयागबाईंनी तिला कामावरून काढू दिलं नाही. शेठला म्हणाल्या, ही भीती फाटकावर अडत नाही, तिला बसायला जागा द्यावी लागते. मग फाटकाच्या आत भिंतीला फळी ठोकली. फळीवर देवीची तसबीर, हळदीकुंकवाची कोयरी, खाली खिळ्यांची रांग. प्रत्येकीला कापडाची छोटी पिशवी. सकाळी बांगड्या काढून पिशवीत घालायच्या, पिशवीला कुंकू लावून देवीखाली अडकवायची, संध्याकाळी घालून घरी जायचं. "हात मोकळा नाही, देवीकडं ठेवलाय असं समजा," त्या म्हणाल्या. बायकांना पटलं. सोनीबाई मात्र पिशवी हातात घेऊन उभीच राहिली.

"काय होत नाही बये," प्रयागबाई म्हणाल्या. "देवी राखील."

सोनीबाईनं बांगड्या काढल्या. त्यानंतर काचेचा एकही तुकडा सापडला नाही.

फाल्गुन लागला. डोंगरात भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे दिवस. माणसं वाळल्या पानांचा पातेरा गोळा करतात, फांद्या तोडतात, वाफ्यावर पसरतात आणि पेटवतात. एक दिवस ऊन तिरपं झाल्यावर सोपान फाटकावरून धावत आत आला. फोन सोनीबाईसाठी होता. भागूला पातेरा उचलताना घोणस चावली होती, झोळीत घालून खालच्या सडकेपर्यंत आणत होते. सोनीबाई डोक्यावरची टोपी, अंगातला ॲप्रन तसाच ठेवून पळाली. पप्पूनं जीप काढली. जुन्नरच्या अलीकडंच त्यांना समोरून येणारी गाडी भेटली. कोणाचा तरी भाजीचा टेम्पो. भागू त्यात होता, पण आता त्याला कुठं न्यायची घाई उरली नव्हती.

संध्याकाळी बायकांनी आपापल्या पिशव्या काढून घेतल्या. एक पिशवी खिळ्यावर राहिली. कोणी तिला हात लावेना. शेवटी प्रयागबाईंनी ती काढून तसबिरीमागं ठेवली, आणि देवीकडे न बघता घरी गेल्या.

दहाव्याला वाडीत काय झालं ते करंजवाडीच्या बायकांनी येऊन सांगितलं. पिंडाला कावळा शिवेना. लोक उन्हात उभे. पोरीचं बघू म्हणाले, म्हातारीला सांभाळू म्हणाले, तरी शिवेना. मग गर्दीतून कोणीतरी म्हणालं, बायकोच्या बांगड्यांत जीव अडकलाय. थोड्या वेळानं कावळा शिवला, पण तोवर बोललेलं बोलून झालं होतं. भागूच्या आईनं, मंगलबाईनं, तिथंच सुनेला सांगितलं, "मोकळ्या हातानं टेबलाला बसलीस आन माजा ल्योक खाल्लास. पोर हितं ठिव. तू तुज्या माहेरला जा."

"आणि सोनीबाई काय म्हणाली?" प्रयागबाईंनी विचारलं.

"काय म्हननार? खरं हाय म्हनली," दहाव्याला गेलेली साळुबाई म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "तिला बी तसंच वाटतंय ताई. तेराव्यानंतर जानार हाय. पोरीला ठिवून."

प्रयागबाईंनी डबा तसाच झाकला. त्या पोरीला आईवाचून राहायला लागणार होतं, तेही हातातून उतरवलेल्या काचेपायी. आणि ती काच उतरवायला आपणच सांगितलं होतं, वर देवीचं नाव घेऊन. तेरावं झाल्यावर पॅकहाउसला सुट्टी होती त्या दिवशी त्या पप्पूच्या जीपनं वाडीला निघाल्या. पप्पू नेहमी गाणी लावायचा. त्या दिवशी त्यानं काहीच लावलं नाही. जुन्नर मागं पडलं, हिरड्याची झाडं सुरू झाली, रस्ता चढू लागला. वाफ्यांवर भाजलेल्या राबाची काळी राख होती. एकच वाफा अर्धा पसरून तसाच पडलेला. तो कोणाचा, हे विचारावं लागलं नाही.

मंगलबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. सोनीबाई उंबऱ्याशी, शेजारी कपड्यांचं गाठोडं. पोर गाठोड्यावर डोकं ठेवून झोपलेली.

"या," म्हातारी म्हणाली. "तुमीच का त्या शाळंवाल्या?"

"हो, मीच."

सोनीबाईनं वर पाहिलं. रागावली नव्हती ती. रागावली असती तर बरं झालं असतं. "ताई, देवी राखील म्हनला व्हता," ती एवढंच म्हणाली.

प्रयागबाई ओट्याखाली मातीतच बसल्या. वाटेत त्यांनी पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं. त्यातलं काही आठवेना. मग त्यांनी जे येत होतं तेच केलं.

"आई, मी भांडायला नाही आले. मला फक्त विचारायचंय. भागू कशानं गेला?"

"हिच्यामुळं."

"घोणस चावली म्हणून गेला ना?"

"घोनस काय, दर साली कोनाला ना कोनाला चावती. समदी मरत्यात व्हय?"

"मग बाकीची का वाचतात?"

"दवाखान्यात नेत्यात. सुया देत्यात." म्हातारीचा आवाज थोडा खाली आला.

"भागूला उशीर का झाला?"

म्हातारी हाताची बोटं लुगड्याच्या काठात गुंतवत राहिली. मग ती म्हणाली, "मी न्हेलं त्याला भगताकडं. पलीकडच्या वस्तीवर. त्यानं पाला बांधला, मंतारलं. उतरंल म्हनला. ऊन खाली आलं तरी उतरंना, तवा पोरांनी झोळी केली." तिनं प्रयागबाईंकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम बदलला. "म्हंजी मीच. मीच मारला त्याला. आसं म्हनायला आलाय व्हय तुमी?"

प्रयागबाई एका बाईच्या उरावरचा धोंडा काढायला आल्या होत्या. तो उचलून दुसरीच्या उरावर ठेवला होता, आणि ही तर आई होती. शेकडो वेळा शिकवलेलं वाक्य त्यांच्या ओठांवर आलं, नाव म्हणजे उत्तर नव्हे. पण म्हातारीपुढं ते वाक्य तोंडातून निघेना.

विचारलं ते सोनीबाईनं. उंबऱ्यावरून उठून ती सासूजवळ आली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आत्याबाई, भगताकडं का न्हेलं?"

"मग काय करू? फोन लावायला बी टेकाडावर जावं लागतंय. पोरांच्या दोन गाड्या, दोन्ही खाली गेलेल्या. जीप न्हाई. भगत जवळ. त्यो तरी माझ्या पायांनी गाठता येत व्हता."

"जीप का न्हवती?"

दाराशी उभा असलेला पप्पूच बोलला.

"मी तितंच व्हतो. लिंबाखाली. झोपलो व्हतो." तो मान खाली घालून उभा होता. "आदी दुपारच्या टायमाला मी वाडीतच आसायचो. गेल्या साली गोविंदाच्या बायकूला मीच न्हेली व्हती ना दवाखान्यात. आता शेठची गाडी दिसभरासाठी हाय."

पुढचा 'का' कोणी विचारला नाही. त्याचं उत्तर तिघींनाही ठाऊक होतं, आणि सोनीबाईनंच ते सांगितलं.

"आमीच मागितलं व्हतं. मीच पैलं बोलले व्हते."

"आणि मी मंजूर करून आणलं," प्रयागबाई म्हणाल्या.

पोर झोपेतच कुशीवर वळली. म्हातारीनं सुनेच्या हाताकडे पाहिलं, मग जीपकडे, मग प्रयागबाईंकडे.

"म्हंजी कुनाचंच चुकलं न्हाई?"

"नाही."

"समद्यांनी बरंच केलं?"

"हो आई."

"मग माजा भागू कुनी न्हेला?"

देवाच्या मनात होतं, हे वाक्य प्रयागबाईंनी दुसऱ्यांच्या दारात किती वेळा म्हटलं होतं. हौशीराम गेले तेव्हा लोकांनी त्यांनाही तेच सांगितलं होतं, आणि त्यांनी ते मुकाट्यानं घेतलं होतं. त्या दिवशी ते बोलायला त्यांची जीभ उचलली नाही. पदरात तोंड घालून त्या रडल्या. मग म्हातारी रडली, मोठ्यानं, लेकाचं नाव घेऊन, आणि सोनीबाईनं तिला धरून ठेवलं. पप्पू जीपमागं जाऊन उभा राहिला.

निघताना सोनीबाईनं गाठोडं उचलून आत नेलं. जा म्हणून कोणी म्हणालं नाही, राहा म्हणूनही नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयागबाईंनी गोरखशेठला सगळं सांगितलं. शेठ म्हणाले, "बाई, मला वाईट वाटतंय. पण आपण द्राक्षं भरतो, गाव चालवत नाही. डिझेल कोण देणार? आणि पुन्हा उशीर व्हायला लागला म्हणजे?"

"उशिराचं मी बघते. दुसरा मार्ग काढू. पण गाडी वर गेली पाहिजे शेठ. नाहीतर तास मी घेणार नाही. तोंड नाही मला." असं उलटून त्या आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या. शेठ कपाळाला हात लावून बसले आणि शेवटी हो म्हणाले.

तेव्हापासून पप्पू बायकांना सोडून जीप माघारी नेतो, दुपारभर वाडीत थांबतो, दिवस कलताना परत खाली येतो. सोनीबाई कामावर आली नाही. सासूजवळ राहिली आहे. अर्धा पडलेला राब तिनंच पुरा भाजला म्हणे. प्रयागबाई रोज पप्पूला विचारतात, दोघी कशा आहेत?

"बऱ्या हायेत," तो सांगतो. "म्हातारी तेवढी वळणावर येऊन बसती. लांबनं गाडी दिसली की उठती. जवळ आलो की आत डोकं घालून बघती. रिकामी आसती गाडी. तिला म्हनलं, आजे, कुनाला बघतीस? तर म्हनली, कुनाला न्हाई, गाडी आली का तेवढं बघती. मग घरी जाती आन जेवती."

"आणि नाही आली गाडी तर?"

"परवा टायर बसला वाटंत, लई उशीर झाला," पप्पू म्हणाला. "ऊन उतरलं तरी तितंच व्हती. सोनीबाई बी ताट झाकून शेजारी बसलेली."